जीव म्हणजे खेळणे नव्हे!

दिवाळीत मुलांना कुत्र्याचे पिल्लू भेट देण्याची टूम सुखवस्तू घरांत शिरली आहे. ज्या सणाचा आरंभ वसुबारसेला सवत्स धेनूच्या पूजनाने होतो, त्याच सणात आईपासून तोडलेले पिल्लू नजराणा म्हणून द्यावे, हा केवढा विरोधाभास! त्यातही मुहूर्त फटाक्यांच्या कानठळ्यांचा. भेदरलेला तो जीव पलंगाखाली दडतो. सुट्टी संपते, शाळा सुरू होते, हौस फिटते आणि दहा-बारा वर्षांचे आयुष्य लाभलेले ते मुके जनावर अडगळ ठरते. मग एखाद्या रात्री त्याला दूरच्या रस्त्यावर सोडले जाते.

आठ आठवड्यांहून लहान पिल्लांच्या विक्रीस २०१७च्या नियमांनी बंदी केली. प्राण्याला उपासमारीच्या खाईत सोडून देणे १९६०च्या कायद्याने गुन्हा ठरवले. पण पहिल्या गुन्ह्यास दंड अवघा १० ते ५० रुपये! कायदा असा लंगडा असेल, तेथे संस्कारांनीच उभे राहिले पाहिजे. प्राणी पाळायचा तर त्याचा निर्णय घरातील सर्वांनी मिळून, सणाची गडबड ओसरल्यावर घ्यावा. उत्साहाच्या भरात आणलेल्या जिवाची जबाबदारी पाडव्याच्या दिव्यांबरोबर विझत नाही, हे पालकांना उमगले नाही, तर मुलांनी भूतदया शिकावी कोणाकडून?