भेट कोणती द्यावी?

समजा, एक मुलगी दहाव्या वर्षापासून घोडेस्वारी शिकत आहे. आता ती पदवीधर झाली. नोकरीसाठी ती दूरच्या शहरी जाणार आहे. तिच्या उस्तादांनी तिला कोणती भेट द्यावी?

तुम्ही म्हणाल, नवे जीन द्यावे. पण जीन घोड्याच्या पाठीच्या मापाचे लागते. ते नीट बसले नाही, तर पाठीला जखमा होतात. शिवाय नव्या शहरात तिच्याजवळ घोडा कोठे असणार? चाबूक तर मला मुळीच पसंत नाही. हेल्मेट चांगले; पण ते तिने स्वतः घालून पाहूनच घ्यावे.

मला विचाराल, तर तिच्या नेहमीच्या घोड्याची जुनी नाल द्यावी. घोड्याचा खूर आपल्या नखांसारखा सतत वाढतो. म्हणून साधारण सहा आठवड्यांनी नालबंद नाल काढतो, खूर कापून सारखा करतो व पुन्हा नाल ठोकतो. (नालबंद हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे.) झिजलेली नाल बहुधा भंगारात जाते. तीच घासूनपुसून तिच्यावर घोड्याचे नाव कोरावे. काही लोक शुभ म्हणून दारावर नाल लावतात. मी त्यासाठी सांगत नाही. हिच्या मैदानातल्या फेऱ्यांनीच ते लोखंड झिजले आहे.

उस्ताद तिला पत्र लिहितील. घोडा काय करील? तो तबेल्यातच राहणार. उद्या त्याच्या पाठीवर दुसरे मूल बसेल. म्हणून ही भेट समारंभात देऊ नये. तिला तबेल्यात बोलवावे. तिने रोजच्यासारखा घोड्याला खरारा करावा, त्याला गाजर खाऊ घालावे आणि मग उस्तादांनी नाल तिच्या हातात ठेवावी.