वीस वर्षांचा पाहुणचार

गेल्या जुलैत कर्जतच्या पुढे चौदा किलोमीटरवरची एक ‘ज्येष्ठांसाठीची रिसॉर्ट टाउनशिप’ बघायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा माझ्या पर्समध्ये शिवणकामाची टेप होती. बँकेच्या गृहकर्ज विभागात बावीस वर्षं काढली की माणसाचा ब्रोशरवरचा विश्वास उडतो. हा आजारच समजा. सॅम्पल फ्लॅट सुरेख होता. खिडकीत डोंगर, डोंगरावर ढग, बाल्कनीत वेताची खुर्ची. ह्यांनी खुर्चीत बसून डोळे मिटले आणि मी बाथरूमच्या दाराला टेप लावली. साडेसत्तावीस इंच, म्हणजे सत्तर सेंटिमीटर. “व्हीलचेअर आत जाईल का हो?” असं विचारल्यावर फ्लॅट दाखवणारा मुलगा गोड हसला. “मॅडम, तुम्ही दोघं तर एकदम फिट आहात!”

महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवले. त्यात दार ९०० मिलिमीटर रुंद हवं, लिफ्ट हवी, फरशी न घसरणारी हवी, असं सगळं आहे. मी घरी येऊन या प्रकल्पाची नोंदणी उघडून पाहिली. तिथे ‘ज्येष्ठांसाठी’ हा शब्दच नव्हता. तो फक्त ब्रोशरवर होता.

आमचं डोंबिवलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. ह्यांचा एक गुडघा बदललेला, दुसरा रांगेत उभा. तेव्हा प्रश्न हौसेचा नाही. पण या प्रश्नावर घरात ज्या दोन बाजू पडल्या, त्या दोन्ही मला पटेनात, आणि दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या जागी इतके ठाम की मी मधल्या मधे कुंपणावर बसले आहे असा समज पसरला. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिली बाजू वन्संची. “शेवटी वृद्धाश्रमच ना गं तो! चार लोकांत काय सांगायचं?” या बाजूचे लोक दुसऱ्या वाक्याला ‘नटसम्राट’ काढतात. शिरवाडकरांचं ते नाटक १९७० सालचं. तेव्हापासून मराठी घरात म्हातारपणाची चर्चा त्याच्याशिवाय पुरी होत नाही. पण त्यातल्या अप्पासाहेब बेलवलकरांची चूक कोणती? जिवंतपणी सगळं मुलांच्या नावावर करून टाकणं, ही. कुठे राहिले ही नव्हे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ नेमकं याच चुकीवर आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट पाळली नाही तर परत मिळवता येते. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या नावावर घर घेऊन राहायला जाणारा माणूस बेलवलकर कसा काय होतो, हे मला कोणी समजावून सांगावं.

राहिला संस्कृतीचा मुद्दा. पूर्वी म्हातारी माणसं घरातच राहायची, घरातच जायची, हे खरं. त्यांना सांभाळायचं कोण, हे मात्र त्या वाक्यात कधी येत नाही. माझ्या सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात मी दोनदा प्रमोशन नाकारलं, कारण प्रमोशन म्हणजे बदली. पहाटे साडेचारला त्यांचं अंग पुसून, कूस बदलून, ७.१२ ची लोकल पकडायची. संध्याकाळी डब्यातच भाजी निवडायची. मला त्याचा पश्चात्ताप नाही, त्या माझ्यावर माया करायच्या. पण ‘आपली संस्कृती’ म्हणजे साडेचारचा गजर लावणारी कोणीतरी बाई, आणि ती बाई मी माझ्या सुनेला होऊ देणार नाही. वन्सं तेव्हा दर दिवाळीला येऊन आईला भेटून जात असत. (हे छापून आल्यावर त्या बोलणार नाहीत. चालेल.)

दुसरी बाजू जास्त गुळगुळीत, म्हणून जास्त जपून पारखायला हवी. ती आमच्या चिरंजीवांची, श्टुटगार्टहून. “आई, तिथे डॉक्टर, नर्स, जेवण, सिक्युरिटी, सगळं आहे. काळजीच मिटली.” कोणाची मिटली? ब्रोशर नीट वाचलं तर कळतं की ते मुळात आमच्यासाठी लिहिलेलंच नाही. ते परदेशातल्या मुलासाठी आहे, ज्याला रात्री अडीचला भारतातला नंबर दिसला की धडधडतं. त्याची धडधड खरी आहे, मी तिची टिंगल करत नाही. पण तिच्यावर औषध म्हणून मला डोंगरावर ठेवायचं, हे निदान चुकलं.

नर्स आणि रुग्णवाहिका बघू. पक्षाघाताचा झटका आला तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहावं लागतं. म्हणजे सवाल नर्स आहे का हा नसून सीटी स्कॅनचं मशीन किती दूर आहे, हा आहे. फ्लॅट दाखवणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, “ट्रॅफिक नसेल तर पन्नास मिनिटं.” आणि पाऊस असेल तर? २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला नौदल, हवाई दल आणि एनडीआरएफ लागलं. कर्जतला जाणारी लाइन हीच. ब्रोशरमधले ढग म्हणजे तेच पाणी, फक्त जमिनीवर यायच्या आधीचं.

आता पैसे. दोघांचं जेवणखाण धरून देखभाल शुल्क त्यांनी सांगितलं दरमहा २४ हजार. करारात बारीक अक्षरात दरवर्षी १० टक्के वाढ. याचा हिशेब तोंडी होतो: सव्वासात वर्षांत दुप्पट, वीस वर्षांत १ लाख ६१ हजार. वर जीएसटी. सोसायटीला सभासदांच्या दरमहा साडेसात हजारांपर्यंतच्या वर्गणीवर सूट आहे, पण ती सभासदांच्या स्वतःच्या संस्थेला. इथे पैसे घेणार बिल्डरची सेवा कंपनी, तिला कुठली सूट? आणि आम्हा बँकवाल्यांचं मूळ पेन्शन निवृत्तीच्या दिवशी जे गोठतं ते गोठतं, हलतो तो महागाई भत्ता. मी आधी गेले तर ह्यांच्या हाती फॅमिली पेन्शन आणि ईपीएस-९५ चे जे काही दोन-अडीच हजार मिळतात ते. म्हणजे डोंगर तोच, ढग तेच, आणि ८६ वर्षांचा माणूस थकबाकीदार.

कंपनी बुडाली तर काय, हा प्रश्न विचारला की लोक मला अशुभ बोलते म्हणतात. लवासाचं उदाहरण फार जुनं नाही. वरसगावच्या पाण्याकाठचं ते देखणं शहर. तिथे ज्येष्ठांसाठीची घरंही झाली. तिथे नगरपालिका नव्हती, बरीच वर्षं कंपनीच नियोजन प्राधिकरण होती. ऑगस्ट २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. डोंबिवलीत गटार तुंबलं तर मी नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन आरडाओरडा करते; फरक पडतो असं नाही, पण आरडाओरडा करायला एक पत्ता असतो. बंद फाटकाच्या आत तुम्ही ग्राहक. ग्राहकाला फक्त टोल-फ्री नंबर.

ही सगळी कल्पना आली अमेरिकेतून. ॲरिझोनात डेल वेब नावाच्या बिल्डरनं १ जानेवारी १९६० ला ‘सन सिटी’ उघडली: गोल्फ, तरणतलाव, छंदांचे वर्ग, आणि शेजारी सगळे उतारवयाचे. आपल्याकडच्या ब्रोशरांमध्ये तिचंच चित्र दिसतं. पण तिथल्या दोन गोष्टी आपल्या बिल्डरांनी उचलल्या नाहीत. सन सिटीला फाटक नाही. मोकळे रस्ते आहेत. आणि तिथले तरणतलाव, क्रीडागृहं चालवते ती रहिवाशांनी निवडून दिलेली समिती. म्हणजे तिथल्या म्हाताऱ्यांना गोल्फही मिळाला आणि भांडायला सभाही मिळाली. आपण फक्त गोल्फ आणला.

माझा खरा आक्षेप मात्र यांपैकी कशावरच नाही. दारं रुंद करता येतात, करार बदलून घेता येतो. आक्षेप कळला तो कर्जतच्या त्या टाउनशिपच्या भोजनगृहात. आमच्या टेबलावर पहिल्या टप्प्यातल्या एक बाई होत्या, निवृत्त शिक्षिका, दोन वर्षांपासून तिथे राहणाऱ्या. जेवण चांगलं होतं: फुलके गरम, आमटीत कोकम, ताटाला हात लावायच्या आधी पाणी भरलेलं. बाईंनी पदराआडून स्टीलची छोटी डबी काढली, त्यात मिरचीचा ठेचा. मला वाढत म्हणाल्या, “घ्या, खोलीत करते, इंडक्शनवर. तसं इथे काही कमी नाही. पण दोन वर्षांत माझ्याकडे कोणी विरजण मागायला आलेलं नाही. लागतच नाही इथे कोणाला.” मग त्यांनी पाहिलं की मी ठेचा दुसऱ्यांदा घेतला, आणि त्या इतक्या खूष झाल्या की मला ताटाकडे बघत राहावं लागलं.

रिसॉर्टमध्ये माणूस पाहुणा असतो. चार दिवस तेच हवं असतं. पण पाहुण्याकडे कोणी काही मागत नाही, पाहुण्यावर कोणी रागावत नाही, पाहुण्याच्या नावावर एकही काम नसतं. आपल्याकडे तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याची अक्कल काढतात. इथे तर पासष्टाव्या वर्षी जाऊन वीस वर्षं राहायचं. जाहिरातीत हास्यक्लब हा ‘विशेष आकर्षण’ म्हणून छापलाय. तो हास्यक्लब १९९५ मध्ये मुंबईत एका सार्वजनिक बागेत डॉ. मदन कटारियांनी चार जणांना गोळा करून सुरू केला. फुकट. आता तोच पॅकेजमध्ये.

आमच्या घराची दुसरी किल्ली समोरच्या कुलकर्ण्यांकडे असते, त्यांची आमच्याकडे. गेल्या वर्षी ह्यांना रात्री चक्कर आली तेव्हा त्या किल्लीनं दार उघडून कुलकर्ण्यांचा मुलगा आत आला, कारण मी बाथरूममध्ये ह्यांना धरून बसले होते. टाउनशिपमध्ये मास्टर की रिसेप्शनवर. तीही दार उघडेल, कदाचित लवकर उघडेल. पण कुलकर्ण्यांचं गॅस सिलिंडर मी उतरवून घेते, त्यांच्या नातीचे पाढे मी घेते, त्यांच्यावर मी दोनदा सॉलिड रागावले आहे. ती किल्ली या सगळ्याची आहे.

याचा अर्थ चोपन्न पायऱ्या चढत मरायचं, असा नाही. ज्यांच्या समोरच्या दाराला कायम कुलूप असतं, ज्यांचा मजला ओस पडलाय, अशा एकट्या माणसांनी जरूर जावं, आणि लोक काय म्हणतील ते म्हणू द्यावं. फक्त गावाबाहेर नको. पुण्यात पाषाण, बावधनसारख्या वस्तीत ज्येष्ठांसाठीचे अथश्रीचे प्रकल्प आहेत, तिथून उठून बाजारात जाता येतं. (मला कमिशन नाही.) जायचंच असेल तर आधी भाड्यानं राहून बघावं, तेही पावसाळ्यात, महिनाभर, आणि जुनं घर त्याआधी विकू नये.

आणि जे आपल्या घरीच राहणार आहेत, त्यांच्यासाठी माझं म्हणणं वेगळं आहे. डोंबिवली, ठाणे, कोथरूड, पार्ले, जिकडे तिकडे जुन्या बिनलिफ्टच्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. वर्षानुवर्षं सभा चालतात. वाढीव कार्पेट किती, कॉर्पस किती, भाडं किती, पार्किंग कोणाला. बाथरूमच्या दाराची रुंदी मी कोणत्याही सभेच्या इतिवृत्तात वाचलेली नाही. महारेराचे निकष ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून विकलेल्या इमारतींना. आमच्यासारख्या, जिथे अर्धे सभासद साठीच्या पुढचे आहेत, त्या इमारतींना नाहीत. पण बिल्डरशी करार आपण करतो. त्यात स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट लिहून घ्यायला कोणी अडवलंय?

आमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा मागच्या महिन्यात गच्चीवर झाली. मी टेप घेऊन गेले. ९० सेंटिमीटर दार, उंबरा नाही, स्ट्रेचरची लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला पक्क्या भिंतीत दांडा, असा ठराव मांडला. सेक्रेटरींनी पहिला प्रश्न विचारला, “काकू, दार रुंद केलं तर कार्पेट कमी होणार का?” मागून कोणीतरी हसलं. ह्यांनी, ब्रोशर अजून घडी करून खिशात ठेवणाऱ्या ह्यांनी, हात वर केला नाही. ते गुडघा चोळत बसले होते. पहिला हात वर केला तो पहिल्या मजल्यावरच्या पाटलांच्या सुनेनं. तिला आमच्या म्हातारपणाशी काही देणंघेणं नव्हतं. तिची जुळ्यांची बाबागाडी दारातून आत येत नाही.