गच्चीवरील फळ्यांचा हिशेब

लाकडाचा भुसा व प्लास्टिक एकत्र करून बनविलेल्या फळ्या हल्लीं बाजारांत मिळतात. दुकानदार त्यांस ‘कॉम्पोझिट डेक’ म्हणतात. नांदेड-लातूरकडील ज्या कुटुंबांस गच्चीवर अशी बैठक करावयाची आहे, त्यांनीं खर्चाचा विचार कसा करावा, हें आज पाहूं. दुकानदार चौरस फुटाचा दर सांगतो आणि गृहस्थ लांबी-रुंदीचा गुणाकार करून मोकळा होतो. परंतु शास्त्रांत ज्यांस आधार व आधेय म्हणतात, त्यांपैकीं हा दर केवळ आधेयाचा होय. आधाराचा खर्च निराळाच असतो.

एक उदाहरण घेऊं. गच्ची २० फूट लांब व १२ फूट रुंद आहे. म्हणजे क्षेत्रफळ २४० चौरस फूट. कापण्यांत वाया जाणारा दहावा हिस्सा धरला म्हणजे माल २६४ चौरस फूट लागतो. हिशेबापुरता दर ३०० रुपये मानला, तर ७२,००० च्या जागीं ७९,२०० रुपये होतात. आतां फळ्यांखालचा सांगाडा पाहा. फळ्या लांबीच्या दिशेनें घालून त्यांखालीं एकेका फुटावर आडव्या पट्ट्या बसविल्या, तर २१ पट्ट्या, म्हणजे २५२ फूट माल लागेल. त्याच १६ इंचांच्या अंतरानें बसविल्या, तर १६ पट्ट्या, म्हणजे १९२ फूट. ठेकेदाराचा भाव फार कमी दिसला, तर त्यानें हे ६० फूट गाळले नाहींत ना, हें आधीं विचारावें. ह्या फळ्या उष्णतेनें नरमतात व वाढतात. आपल्याकडील उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. आधार विरळ असेल तर फळी वांकते, व टोकांस मोकळी जागा ठेवली नसेल तर ती उचलली जाते.

आपल्या भागांत आधाराचा प्रश्न केवळ पैशांचा नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीस भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं. दगड-मातीच्या भिंती व त्यांवर मातीचें जड माळवद, अशीं तीं घरें होतीं. एक घनफूट माती सुमारें ४५ किलो भरते. दीड फूट जाडीच्या माळवदाचा भार प्रत्येक चौरस फुटास ६५ किलोंच्या वर जातो. एक इंच जाडीची शहाबादी फरशी गिलाव्याच्या थरासह सुमारें १३ किलो भरेल. तितक्याच जाडीची ही फळी सुमारें ३ किलोंची; पट्ट्या धरल्या तरी भार फरशीच्या निम्म्याहून कमी राहतो. हा तिचा खरा गुण होय. तथापि जुन्या माळवदावर ती मुळींच घालूं नये, आणि स्लॅबही अगोदर जाणत्या अभियंत्यास दाखवावा. त्याची फी हा खर्चाचाच भाग समजावा.

गळतीची दुरुस्तीही प्रथमच उरकावी. नाहीं तर पावसाळ्यांत ठिपका दिसतांच सर्व फळ्या उचलाव्या लागतात. पाणी जाण्याच्या मोरीवरील भाग काढता-घालता येईल असा ठेवावा.

ह्या फळीस लाकडाप्रमाणें वारंवार तेलपाणी लागत नाहीं, ही बचत खरी. परंतु रंधा मारून ती पुन्हां नवी करतां येत नाहीं. गर्द रंगाची फळी दुपारीं पायांस चटके देते, आणि पेटती शेगडी तिच्यावर ठेवितां येत नाहीं. ज्या घरांत उन्हाळाभर गच्चीवर पापड-कुरडया वाळतात व मुलें अनवाणी धांवतात, तेथें हा विचार घरांतील बायकांस विचारूनच करावा. सगळी गच्ची न झांकतां सायंकाळीं सावलींत येणारा तिसरा हिस्सा तेवढा केला, तर खर्च उतरतो व वाळवणासही जागा राहते.

अंदाजपत्रकांत फळ्या, सांगाडा, खिळे-क्लिपा, मजुरी व गळतीची दुरुस्ती हे पांच आंकडे वेगवेगळे मागावेत. ज्यांत एकच ठोक रक्कम असेल, त्या कागदावर सही करूं नये.