नागअळी: फवारणी वाढवली की ही कीड का वाढते?

टोमॅटोच्या हिरव्या पानावर पांढऱ्या नागमोडी रेषा, जणू कुणी खडूने गिरगटलंय. शेतीच्या व्हॉट्सॲप आणि फेसबुक ग्रुपवर असा फोटो दर हंगामात फिरतो. त्याखाली प्रश्नही ठरलेला असतो: 'कोणतं औषध मारू?' उत्तरात कीटकनाशकांची चार-पाच नावं येतात. पण त्या फवारणीने शेतात आधी कोण मरतं, हे क्वचितच कुणी विचारतं. नागअळीच्या बाबतीत सगळा खेळ तिथेच आहे.

ही अळी नेमकी कुणाची?

एका छोट्या माशीची. काळ्या-पिवळ्या रंगाची ही माशी जेमतेम दोन मिलिमीटरची असते. शास्त्रीय नाव लिरिओमायझा ट्रायफोली. मादी पानाला बारीक छिद्रं पाडते. काही छिद्रांतून रस पिते, तर काहींत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांमधला हिरवा गर खात पुढे सरकते. तिने पोखरलेला बोगदा म्हणजेच ती पांढरी रेषा. पूर्ण वाढलेली अळी पानातून बाहेर पडते आणि बहुतेक वेळा मातीत कोषात जाते. उष्ण हवामानात हे चक्र दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होतं.

एक गोंधळ इथेच दूर करू. टोमॅटोवर 'टुटा' नावाची आणखी एक कीड येते. भारतात ती २०१४ मध्ये पुणे परिसरात आढळली. पण तो पतंग आहे, माशी नाही. टुटाची अळी पानावर रेषेऐवजी पसरट चट्टे पाडते आणि फळातही शिरते. नागअळी फळाला हात लावत नाही. त्यामुळे एकीचा उपाय दुसरीला लागू पडेलच असं नाही.

ती आपल्याकडे आली कशी?

ही माशी मूळची अमेरिका खंडातली. १९७० आणि ८० च्या दशकांत शेवंतीच्या रोपांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारातून ती युरोप-आफ्रिकेत पोहोचली. पानाच्या आत दडलेली अंडी तपासणीत दिसणार तरी कशी? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिची भारतात नोंद झाली. आज टोमॅटो, चवळी, घेवडा, काकडी, कापूस, एरंडीपासून झेंडूपर्यंत अनेक पिकांवर ती दिसते.

मग फवारणी फसते कुठे?

एक तर अळी पानाच्या आत सुरक्षित असते. नुसत्या पृष्ठभागावर बसणारं औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. दुसरं, ही माशी औषधांना झपाट्याने सरावते. फ्लोरिडातल्या भाजीपाला उत्पादकांनी हे १९७०-८० च्या दशकांतच अनुभवलं. एकामागून एक कीटकनाशकं अवघ्या काही वर्षांत निकामी होत गेली.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे मेथोमिल हे कीटकनाशक फवारल्यावर याच कुळातल्या नागअळीचा उद्रेक झाला होता. म्हणजे औषध मारलं आणि कीड वाढली! कारण त्या औषधाने नागअळीवर जगणारे मित्रकीटक मेले होते.

हे मित्रकीटक कोण?

नागअळीचे मुख्य शत्रू म्हणजे चिलटाएवढ्या परोपजीवी गांधीलमाश्या. त्या माणसाला चावत नाहीत. त्यातली डायग्लिफस आयसिया बोगद्यातली अळी शोधते, पानावरूनच नांगी खुपसून तिला लुळी करते आणि शेजारी अंडं घालते. त्यातून निघालेलं पिल्लू नागअळीला खाऊन मोठं होतं. शिवाय ही मादी स्वतःच्या पोटासाठीही अनेक अळ्या मारते. युरोपात हरितगृहांमध्ये सोडण्यासाठी ती विकत मिळते. हेमिप्टार्सेनस व्हॅरिकॉर्निस ही तिची नातेवाईक भारतातल्या शेतांत आपसूक आढळते.

इथे एक सावधगिरी. कृषी सेवा केंद्रात मिळणारं ट्रायकोकार्ड नागअळीवर उपयोगाचं नाही. त्यातले ट्रायकोग्रामा मुख्यतः पतंगवर्गीय किडींच्या उघड्यावर घातलेल्या अंड्यांवर जगतात. नागअळीची अंडी मात्र पानाच्या आत असतात.

शेतकऱ्याने करायचं काय?

पहिलं काम फुकटचं आहे: पान तोडून उजेडासमोर धरा. बोगद्याच्या टोकाला पिवळसर अळी हलताना दिसली, तर ती जिवंत आहे. ती तपकिरी, निस्तेज पडली असेल किंवा बोगद्यातच छोटासा काळपट कोष असेल, तर मित्रकीटक कामाला लागल्याची शक्यता मोठी. अशी पानं बरीच दिसत असतील, तर फवारणीचा हात आवरायला हवा. अशी पानं सरसकट तोडून जाळू नयेत. त्यांच्याबरोबर उद्याची मित्रसेनाही जळते.

दुसरं, नुकसान पिकाप्रमाणे मोजा. वाढलेल्या टोमॅटोच्या झाडाला खालच्या काही पानांवरच्या रेषा सहज सोसतात. पण रोपवाटिकेतल्या रोपांना आणि पालकासारख्या पालेभाज्यांना त्या महागात पडतात, कारण पालेभाजीत पानच विकलं जातं. म्हणून रोपं घेतानाच पानं तपासा.

गरज पडलीच तर सुरुवात निंबोळी अर्कासारख्या सौम्य उपायाने करा. रासायनिक औषध घ्यायचंच झालं, तर त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी शिफारस असलेलंच घ्या. तेच औषध पुन्हा पुन्हा मारू नका.

हा फक्त शेतकऱ्याचा प्रश्न आहे का?

नाही. अनावश्यक फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो. फवारणी आणि तोडणीत पुरेसं अंतर राखलं नाही, तर औषधाचा अंश आपल्या ताटापर्यंत येतो. पानावरच्या रेषा डोळ्यांत भरतात, त्यामुळे भीती वाटते आणि पंप बाहेर निघतो. त्या रेषा मात्र पुसल्या जात नाहीत. अळी मेल्यावरही त्या पान गळेपर्यंत तशाच राहतात. त्यामुळे 'औषध लागू पडलं नाही' असं समजून दुसरी फवारणी करण्याआधी, बोगद्यात कुणी जिवंत आहे का, एवढं तरी पाहायला हवं.

पुढच्या वेळी ग्रुपवर असा फोटो आला, तर औषधाचं नाव सुचवण्याआधी एकच प्रश्न विचारा: 'पान उजेडात धरून पाहिलंत का?'