ल्युपसच्या रक्तातून औषधाच्या बाटलीपर्यंत

ऑक्टोबर २०२५ मध्ये एका दुर्मीळ आजाराच्या औषधाची किंमत एकदम खाली आली. आजाराचे नाव स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. औषध रिसडिप्लाम. मूळ स्विस कंपनीच्या एका बाटलीला भारतात सुमारे ६ लाख रुपये पडत होते. दिल्ली उच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिल्यावर हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणले आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. बातम्यांमध्ये पेटंट आणि किंमत यांचीच चर्चा झाली. हे औषध पेशीतल्या ज्या यंत्रणेवर काम करते, ती कोणी शोधली आणि कशी, हा भाग राहून गेला. किमतीच्या वादाला त्यातूनही काही उत्तर मिळते.

ही कथा जोन स्टाइट्झ यांची आहे. त्यांचा जन्म १९४१ मध्ये अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे झाला. विज्ञानाची आवड होती, पण प्रयोगशाळेची प्रमुख असलेली स्त्री त्यांनी कधी पाहिली नव्हती. स्त्री डॉक्टर मात्र पाहिल्या होत्या. म्हणून त्यांनी वैद्यकशास्त्राची वाट धरली आणि हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशही मिळवला. १९६३ च्या उन्हाळ्यात, प्रवेशाआधीच्या सुट्टीत, त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात पेशीशास्त्रज्ञ जोसेफ गॉल यांच्याकडे काम केले. गॉल यांनी त्यांना दुसऱ्याच्या हाताखाली न ठेवता स्वतःचा स्वतंत्र प्रश्न दिला. सुट्टी संपेपर्यंत त्यांनी डॉक्टर व्हायचा विचार सोडून दिला होता.

हार्वर्डमध्ये त्यांच्या तुकडीत दहा विद्यार्थी होते आणि त्यांत त्या एकट्या स्त्री. मार्गदर्शनासाठी त्या ज्या प्राध्यापकाकडे प्रथम गेल्या, त्याने ‘तू लग्न करशील, मुले होतील, मग या पीएचडीचा उपयोग काय’ अशा अर्थाचे सुनावून परत पाठवले. पुढे जेम्स वॉटसन यांनी त्यांना घेतले. वॉटसन यांच्या प्रयोगशाळेतील त्या पहिल्या संशोधक विद्यार्थिनी. नंतर इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्यावर तेथे काम करायला टेबलही मोकळे नव्हते. फ्रान्सिस क्रिक यांनी ग्रंथालयात बसून करता येईल असे काम सुचवले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी इतरांनी अवघड म्हणून बाजूला ठेवलेला प्रश्न उचलला : रायबोसोम हे प्रथिने बनवणारे यंत्र आरएनएच्या लांबलचक धाग्यावर नेमके कोठून वाचायला सुरुवात करते? त्याचे उत्तर त्यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्यांचे नाव झाले. तरीही अमेरिकेत परतताना एका विद्यापीठाने पती थॉमस स्टाइट्झ यांनाच नोकरी देऊ केली. पत्नीने पतीच्या प्रयोगशाळेत मदतनीस व्हावे, असा तेव्हाचा रिवाज होता. दोघांनाही स्वतंत्र जागा दिली ती येल विद्यापीठाने, १९७० मध्ये.

१९७७ मध्ये जीवशास्त्राला एक धक्का बसला. माणसासारख्या सजीवांची जनुके सलग नसतात, त्यांत मधेमधे निरुपयोगी वाटणारा मजकूर असतो, असे आढळले. जनुकाची आरएनए प्रत आधी तयार होते, मग नको असलेले तुकडे कापले जातात आणि उरलेले जोडले जातात. याला स्प्लायसिंग म्हणतात. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी प्रथिन बिघडते. एवढी नेमकी कातरजोड करते कोण, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

उत्तर मिळाले रुग्णांच्या रक्तात. ल्युपस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. त्वचा, सांधे, मूत्रपिंडे यांना इजा होते. अशा रुग्णांच्या रक्तात पेशीकेंद्रातील एका घटकाविरुद्धची प्रतिपिंडे असतात, हे १९६६ मध्येच कळले होते. ज्या रुग्णामुळे हा घटक सापडला, त्याच्या आडनावातील पहिल्या दोन अक्षरांवरून त्याला ‘एसएम’ म्हणत. पण तो घटक नेमका काय, हे गूढ होते. स्टाइट्झ यांचा विद्यार्थी मायकेल लर्नर याने ही प्रतिपिंडे गळासारखी वापरली. गळाला लागले ते प्रथिनांत गुंडाळलेले छोटे छोटे आरएनए. १९७९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. या कणांना ‘स्नर्प’ असे नाव पडले. त्यांपैकी यू-१ या कणातील आरएनएची अक्षरे आणि जनुकातील कापायच्या जागेची अक्षरे एकमेकांशी जुळतात, हे पाहून १९८० मध्ये स्टाइट्झ यांच्या गटाने मांडले की कापायची जागा हाच कण ओळखत असावा. पुढच्या काही वर्षांत ते खरे ठरले. ल्युपसच्या निदानासाठी आजही ‘अँटी-एसएम’ तपासणी केली जाते.

आता पुन्हा एसएमएकडे. या आजारात एसएमएन-१ हे जनुक निकामी असते. मज्जारज्जूतील स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. बाळ मान धरत नाही, पाय हलवत नाही, पुढे श्वासही अपुरा पडतो. तीव्र प्रकारात उपचार न मिळाल्यास बहुतेक मुले दोन वर्षांची होण्याआधीच दगावतात. आपल्याकडे एसएमएन-२ हे जवळजवळ तसेच दुसरे जनुक असते, पण त्यातील एका अक्षराच्या फरकामुळे कातरजोड चुकते. सातवा तुकडा गळून पडतो आणि प्रथिन अपुरे राहते. रिसडिप्लाम काय करते? त्या सातव्या तुकड्याच्या कडेला यू-१ कणाची पकड घट्ट करते, म्हणजे तो तुकडा गळत नाही. १९८० मध्ये ज्या जागेकडे बोट दाखवले होते, नेमक्या त्याच जागी हे औषध काम करते. योगायोग असा की, एसएमएन प्रथिनाचे पेशीतील एक मुख्य काम हे ‘स्नर्प’ जुळवण्याचेच आहे.

१९७९ मध्ये स्टाइट्झ यांना एसएमएचे औषध शोधायचे नव्हते. त्या आजाराचे जनुक सापडायलाच १९९५ उजाडले. संशोधनाचा खर्च मुख्यतः अमेरिकी सरकारच्या आरोग्य संशोधन निधीतून, म्हणजे करदात्यांच्या पैशातून झाला. ‘याचा उपयोग काय’ या प्रश्नावर अनुदान अडले असते, तर पुढची साखळीच तुटली असती. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने एमआरएनए लशींचे २२ प्रकल्प गुंडाळले, सुमारे ५० कोटी डॉलरचे. अशा कपातीची किंमत आज दिसत नाही. न सापडलेल्या औषधाची कोणी मागणी करत नाही.

औषध कंपन्या म्हणतात, रेणू घडवणे, चाचण्या घेणे यांवर प्रचंड खर्च होतो आणि पेटंट नसेल तर तो कोण करील? हा मुद्दा खोटा नाही. पण पाया सार्वजनिक पैशातून उभा राहिलेला असताना वरच्या मजल्याचे भाडे किती असावे, हे विचारण्याचा हक्क समाजालाही आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने तर पेटंटच प्रथमदर्शनी कच्चे मानले. जुन्या पेटंटमधील माहितीवरून या रेणूपर्यंत पोहोचणे जाणकाराला शक्य होते, असे त्याचे मत पडले.

हिशेब करून पाहू. २० किलोपेक्षा जास्त वजनाच्या रुग्णाला रोज ५ मिलिग्रॅम औषध लागते. ६० मिलिग्रॅमची बाटली १२ दिवस पुरते, वर्षाला सुमारे ३० बाटल्या. जुन्या किमतीने हा खर्च पावणेदोन कोटींच्या पुढे जाई. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणानुसार मुंबईच्या केईएमसारख्या निवडक केंद्रांतून मिळणारी ५० लाखांपर्यंतची मदत जेमतेम शंभर दिवसांत संपली असती. नव्या किमतीने वर्षाचा खर्च पावणेपाच लाखांच्या आसपास येतो. म्हणजे तीच मदत दहा वर्षे पुरेल. दहा किलोच्या बाळाला तर याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी औषध लागते. तरीही शेतमजुराच्या किंवा रिक्षाचालकाच्या घराला हा आकडा झेपणारा नाही, आणि औषध जन्मभर घ्यायचे असते.

दुसरी अडचण वेळेची. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. लक्षणे दिसण्याआधी उपचार सुरू झाले तर सर्वाधिक फायदा होतो. अनेक देशांत म्हणूनच नवजात बाळांच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होते. आपल्याकडे ती सर्वत्र होत नाही. ‘मुलगा थोडा उशिरा चालेल’ असे म्हणत महिने निघून जातात. सहा महिन्यांचे बाळ मान धरत नसेल, हातपाय लुळे वाटत असतील, छातीऐवजी फक्त पोटच हलत असेल, तर वाट पाहू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवून जनुकीय तपासणीबद्दल विचारावे. एका मुलाला हा आजार असेल, तर पुढच्या गर्भारपणाआधी पालकांनी समुपदेशन घ्यावे. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक वेळी चारात एक अशी शक्यता असते.

स्टाइट्झ यांना २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. आरएनएवरील संशोधनाइतकेच विज्ञानातील स्त्रियांसाठी त्यांनी केलेले कामही त्या गौरवात मोजले गेले. त्यांच्या शोधापासून बाटलीपर्यंत यायला चाळीस वर्षे लागली, बाटलीची किंमत उतरायला आणखी पाच. आता उरले आहे ते ती वेळेवर बाळापर्यंत पोहोचवणे. त्यासाठी नवा शोध लागणार नाही. तपासणी, निधी आणि थोडी घाई एवढेच पुरेसे आहे.