तिच्या ताटातली चव

वस्तीत रक्तक्षयाबद्दल बोलायला जाते तेव्हा माझ्याजवळ आहाराचा तक्ता असतो. पालेभाज्या, डाळी, मोडाची कडधान्यं, गूळ, शेंगदाणे. बायका ऐकून घेतात, माना डोलावतात. मागच्या बैठकीत मी तक्ता गुंडाळून ठेवला आणि विचारलं, "काल रात्री तुम्ही स्वतः काय जेवलात?" काय रांधलं विचारलं असतं तर भराभर यादी आली असती. या प्रश्नाला मात्र वेळ लागला. शेवटी एकजण म्हणाली, "कालवण संपलं होतं. चहात भाकरी बुडवून खाल्ली." सगळ्या हसल्या. कुणालाच त्यात नवल वाटलं नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. आपण गोळ्या देतो, माहिती देतो. दोन्ही हवंच. पण बाईला माहिती नाही म्हणून ती अशक्त आहे, हे मला आता पटत नाही. तिनंच शिजवलेली भाजी तिच्या ताटापर्यंत पोचत नाही. वर जेवणासोबतच्या चहामुळे भाकरीतलं लोहही अंगी कमी लागतं.

आणखी एक गोष्ट खटकते. आपण सांगतो तो 'पौष्टिक आहार' औषधासारखा का असतो? गरीब बाईनं जीवनसत्त्वं तेवढी मोजायची आणि चव म्हणजे तिची चैन, असं आपणही धरून चालतो का?

पुढच्या बैठकीत आम्ही एकत्र रांधलं. अंबाडी उकडून, पिळून, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवली. वरून लसणाची खमंग फोडणी. सोबत गरम भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, लिंबाची फोड. डाळ आणि धान्य एकत्र आलं की प्रथिनं चांगली मिळतात, लिंबामुळे भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं, हे मी सांगितलं. लसूण कितपत लाल करायचा, ते त्यांनी मला शिकवलं. मग सगळ्या एकाच वेळी, मांडी घालून, पोटभर जेवलो. चहात भाकरी बुडवणारी म्हणाली, "अंबाडी मला लई आवडते. पण घरात आंबट कुणी खात नाही, म्हणून मी करतच नाही."

एका पंगतीनं घरातला क्रम बदलत नाही, हे मला कळतं. समाजकार्यात एम.ए. केलं तरी माझंही जेवण बरेचदा ओट्याशी उभ्यानंच उरकतं. म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गटांत दोन गोष्टी मांडू या. सगळ्यांची ताटं एकाच वेळी वाढली जावीत, आणि त्यासाठी भाकऱ्या थापायला, वाढायला घरातल्या पुरुषांनीही उठावं. आणि आठवड्यातून एकदा तरी बाईनं स्वतःच्या आवडीचं रांधावं.

पुढच्या बैठकीत तक्ता उघडण्याआधी एकमेकींना विचारू या: तुला काय आवडतं? शेवटचं कधी खाल्लंस?