चार्जिंग थांबले, तरी वही थांबू नये

अकोल्यातील एका धान्याच्या पेढीवरचा हा प्रसंग. महिन्याची १९ तारीख होती. धाकटे चिरंजीव अमरावतीची वसुली आटोपून बडनेऱ्याहून रेल्वेने परतले. गाडीतून उतरताना खांद्यावरच्या पिशवीचा बंद निसटला आणि आतील लॅपटॉप फलाटावर आपटला. पेढीवर येऊन त्यांनी तो उघडला. पडदा शाबूत होता, टॅलीही उघडली. परंतु चार्जर जोडला तरी चार्जिंगचे चिन्ह काही उमटेना. बॅटरीत ३४ टक्के शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत संपणार होती आणि हिशेबाची शेवटची प्रत दोन महिन्यांपूर्वीची होती.

चिरंजीव चार्जरची पिन पुन्हा पुन्हा खुपसून पाहू लागले. तेव्हा वृद्ध मुनीमजी म्हणाले, "भाऊ, यंत्र मागाहून पाहू. आधी वही वाचवा."

हा सल्ला लाखमोलाचा होता. पडलेल्या लॅपटॉपमधील उरलेले चार्जिंग ही मर्यादित शिल्लक असते. ती प्रयोगांत न उधळता प्रथम हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते की नाही, हे पाहावे. मात्र जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करून जाणकाराकडे सोपवावे. चालू ठेवल्यास माहिती कायमची नष्ट होण्याचा संभव असतो. तसेच बॅटरी फुगली असेल, तळ उचललेला दिसत असेल किंवा उग्र वास येत असेल, तर चार्जर मुळीच जोडू नये. लिथियम बॅटरी दुखावल्यास पेट घेऊ शकते.

यानंतर दोष कोठे आहे, ते क्रमाने शोधावे. विजेचा मार्ग सरळ आहे : भिंतीतील २३० व्होल्टची वीज अडॅप्टरमध्ये साधारण १९-२० व्होल्टवर उतरते, तेथून पिनेवाटे लॅपटॉपच्या जॅकमध्ये, मग मदरबोर्डवर आणि शेवटी बॅटरीत जाते. याच क्रमाने तपासणी करावी.

प्रथम त्याच सॉकेटवर दुसरे उपकरण लावून पाहावे. अडॅप्टरला दिवा असल्यास तो लागतो का, हे बघावे. पिन लॅपटॉपमध्ये घालताच तो विझत असेल, तर आत शॉर्ट सर्किट झाल्याची शंका घेऊन चार्जर लगेच काढावा. दुसरा अडॅप्टर लावून पाहायचा तर त्याचे व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा अधिक असावेत. टाइप-सी चार्जर असल्यास चार्जिंग स्वीकारणारे दुसरे पोर्ट आहे का, तेही पाहावे. नंतर यंत्र बंद करून, चार्जर काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. कधी कधी एवढ्यानेही अडखळलेले यंत्र मार्गावर येते.

चार्जरवर यंत्र चालते, पण बॅटरी भरत नाही, अशी स्थिती असेल तर बहुधा बॅटरीची जोडणी धक्क्याने सैल झालेली असते. पिन किंचित हलवताच चिन्ह येते-जाते असे दिसले, तर जॅक निखळला आहे, असे समजावे. अशा वेळी पिनेला कागदाची घडी लावून काम रेटू नये; सैल जोडात ठिणगी पडते, उष्णता वाढते आणि लहान दुरुस्तीची जागा मोठा खर्च घेतो.

पेढीवर दोष जॅकचाच निघाला. प्रत आधीच घेतलेली असल्याने मुनीमजींच्या संगणकावरून विवरणपत्र मुदतीत भरले गेले. अन्यथा दर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज चुकले नसते. जॅक स्वतंत्र तारेवर असल्याने तो बदलून लॅपटॉप पुन्हा सुरू झाला. तो मदरबोर्डवर झाळलेला असता, तर काम अधिक कौशल्याचे ठरले असते.

दुरुस्तीस देताना डिजिटल स्वाक्षरीचे टोकन काढून घ्यावे, बँकेचे पासवर्ड यंत्रात साठवलेले असू नयेत आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. पडल्यामुळे झालेले नुकसान साध्या वॉरंटीत सहसा येत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

केंद्रीय जीएसटी नियमांतील ५७ वा नियम सांगतो की, इलेक्ट्रॉनिक हिशेबाची योग्य प्रत राखावी. अपघाताने मूळ नष्ट झाले तरी वाजवी काळात ती माहिती परत मिळवता आली पाहिजे. हिशेब जपण्याची मुदतही वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिन्यांची आहे. पूर्वीच्या पेढ्यांत रोजमेळ जुळल्याखेरीज दिवा मालवत नसत. आज त्यासोबत प्रत घेण्याचे पाच मिनिटांचे काम जोडले, तर पुरे.

त्या पेढीवर आता रोज सायंकाळी शिल्लक मोजून झाली की मुनीमजी एवढेच विचारतात, "भाऊ, प्रत घेतली?" आणि होकार आल्यावरच कुलूप लागते.